तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या आयांनी कुठे घेतले होते हार्मोन्स?

हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, जावेने विचारलाय, स्टाफरूममध्ये डबा खाता खाता तीन वेगवेगळ्या मॅडमनी विचारलाय, आणि परवा एका हळदीत एका लांबच्या मावशीने विचारला, मी दंडाला जेल लावते हे तिला कुठून कळलं देव जाणे. शब्द थोडे इकडेतिकडे, पण प्रश्न तोच. "अगं, आपल्या आयांनी कुठे घेतले होते हार्मोन्स? झालंच ना त्यांचं सगळं नीट?"

दरवेळी मी हसून विषय बदलते. आज नाही बदलत. पेरीमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची जायच्या आधीची ती वर्षं, त्यात अंगातून वाफा कशा येतात आणि त्यासाठी हार्मोन्स देतात वगैरे तुम्हाला माहितीये, नसतं तर विचारलंच नसतंत, त्यामुळे ते सगळं सोडून देते.

तुमच्या आयांचं मला माहीत नाही. माझ्या आईचं सांगते. १९९२ साल, आई ३८ वर्षांची, आम्ही तेव्हा बीड जिल्ह्यात. तिच्या अंगावरून फार जायचं म्हणून तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. काढली. सोबत, हार्मोन्स जिथे बनतात ती दोन्ही अंडाशयंही काढली, हे तिला कुणी सांगितलंच नाही, मी मोठेपणी ती पिवळी पडलेली फाईल वाचली तेव्हा कळलं. त्यानंतर आई ऐन जानेवारीत बाहेर ओट्यावर झोपायची, पहाटे लुगडं भिजलेलं असायचं, आणि सगळ्यांशी भांडायची. आम्ही म्हणायचो आईचं डोकं फिरलंय. मीही म्हणायचे, सोळा वर्षांची होते, चांगली कळती. ५८ व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला तर मनगट मोडलं, ६४ व्या वर्षी खुबा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी सगळीकडे आली, चौकशी समिती बसली, तेव्हा मी तावातावाने आईला फोन केला तर ती म्हणाली, "त्यात काय नवल हाय बाई."

तर हे असं झालं त्यांचं सगळं नीट.

पण खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न आधी माझाच होता. ४५ व्या वर्षी माझी झोप उडाली, रोज रात्री तीनला डोळे टक्क उघडे, पाळी कधी वीस दिवसांनी कधी दोन महिन्यांनी, आणि एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याला काय म्हणतात तेच आठवेना. समद्विभुज. बावीस वर्षं गणित शिकवतेय मी. एका पोरीने हळूच सांगितलं तेव्हा "शाब्बास, बघत होते लक्ष आहे का" असं म्हणून वेळ मारून नेली. तरी दोन वर्षं मी शतावरी, जवस, अनुलोम-विलोम करत बसले आणि माझी मैत्रीण हार्मोन्स सुरू करायचं म्हणाली तर तिला लेक्चर दिलं, हे नैसर्गिक आहे गं, शरीराला शहाणपण असतं. लेक्चर देणाऱ्या त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज भेटले तर एक थोबाडीत द्यावीशी वाटते. आणि दुसरं मन म्हणतं, अगदीच चुकीची होती का ती? ते पुढे येईलच.

शेवटी गेले डॉक्टरकडे. बीपी, थायरॉइड, लिपिड, मॅमोग्राफी, खालची सोनोग्राफी. मी स्वतःहून एफएसएच, म्हणजे पाळी जायला लागली की वाढणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, करून घेऊन गेले होते, त्यावर डॉक्टर म्हणाल्या या वयात तो आज एक आणि पुढच्या महिन्यात भलताच येतो, त्यावर काही ठरवता येत नाही. वाया गेले पैसे. मग रोज दंडाला इस्ट्रोजेनचं जेल मापाने, आणि पिशवी जागेवर आहे म्हणून महिन्यातले १२ दिवस रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. तीच कॅप्सूल गरोदरपणातही देतात, त्यामुळे मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठी बघितली, मला बघितलं, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "काकू, सुनेसाठी का?" मला सून नाही. मुलगा अकरावीत आहे.

पहिले पाच-सहा आठवडे छाती इतकी दुखायची की स्कूटर खड्ड्यातून गेली की आई गं, आणि नाशकात खड्डे चुकवून कुठे जाणार. पण तिसऱ्या आठवड्यात मी एकदा सलग सहा तास झोपले. सकाळी उठून आधी घड्याळ बंद पडलंय का ते बघितलं.

आणि मग मी प्रचारक झाले. स्टाफरूममध्ये मीच सांगत सुटले. कॅन्सरचं काढलं कुणी की माझं भाषण तयार: अगं ही भीती ज्याने पसरली तो २००२ चा अमेरिकेतला अभ्यास, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३, औषध म्हणजे घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन, आणि एवढं करून स्तनाच्या कॅन्सरचे वर्षाला दर १०,००० बायकांमागे ८ जास्त. भाषण खरंच आहे, एकही आकडा खोटा नाही. पण ८ म्हणजे शून्य नव्हे हे गणिताच्या बाईला कळायला हवं होतं, आणि मी ते "फक्त आठ" अशा काही सुरात म्हणायचे की समोरचीने गप्पच बसावं. माझं ऐकून एका मॅडमनी सुरूही केलं. त्यांचं छान चाललंय, पण मी पुढे जे लिहितेय ते त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

प्रोजेस्टेरॉन मला सोसत नव्हतं. त्या बारा दिवसांत मी अशी व्हायचे की जणू घरात कुणी गेलंय. रडू नाही, राग नाही, नुसतं ओलं घोंगडं. पोळ्या लाटताना वाटायचं कशाला लाटतोय. एकदा मुलाने विचारलं, "आई, तुझे ते दिवस सुरू झाले का, म्हणजे गोळीवाले?" तर मला स्वतःचीच लाज वाटली. चौथ्या महिन्यात मी कॅप्सूल बंद केली. डॉक्टरला विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण तिथे दोन तास बसावं लागतं, कारण प्रीलिमचे पेपर तपासायचे होते, कारण जेलने झोप येत होती आणि ती जायला नको होती, आणि मुख्य कारण म्हणजे मी सगळीकडे सांगून बसले होते की मला मस्त मानवलंय. कॅप्सूल फक्त पिशवीच्या अस्तरासाठी असते हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. जेलने अस्तर वाढतं, कॅप्सूल त्याला आवर घालते आणि बंद झाली की ते पाळीसारखं निघून जातं, हे मी स्वतः दुसऱ्यांना समजावलंय. तरी म्हटलं, एक-दोन महिने, मग बघू. आणि गंमत म्हणजे पाळीच आली नाही. मी खूश, चला, सुटलो.

पाच महिने. पाचव्या महिन्याच्या शेवटी स्टाफ मीटिंगमध्ये मी उभी राहून निकालाचे टक्के वाचून दाखवत होते आणि लक्षात आलं की आता खाली बसले तर उठता येणार नाही. सगळे गेल्यावर शिपाईमावशींनी त्यांची शाल दिली कमरेला बांधायला. पुढचे नऊ दिवस अंगावरून जायचं थांबेना. सोनोग्राफीत अस्तर १७ मिलिमीटर. डॉक्टरने विचारलं, कॅप्सूल कधीपासून बंद आहे? मी म्हटलं दीड महिना. त्या लिहायला लागल्या. मग मी म्हटलं, नाही, पाच. त्यांनी लिहिलेलं खोडलं, पाच लिहिलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायोप्सी, म्हणजे अस्तराचा तुकडा तपासायला काढणं, तिथेच केली, पाळीच्या कळा पाचपट केल्या तर जसं होईल तसं, दोन मिनिटंच पण लांब. मग एक छोटी प्लास्टिकची डबी नवऱ्याच्या हातात दिली, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. त्याने ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि स्कूटर चालवताना एक हात सारखा खिशावर. मी मागे बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा तो खड्डे चुकवत होता.

रिपोर्टला आठ दिवस. आई तेव्हा आमच्याकडेच होती, मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं, पण तिला काय कळायचं राहतं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "डबी दिली व्हय जावयाच्या हातात? माझी पिशवी तुझ्या बापाला ट्रेमधी दाखवली. मला न्हाई दाखवली कुनी." एवढंच बोलली आणि मेथी निवडत राहिली. ३३ वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मला कॅन्सरची भीती वाटत होती ती त्या दिवशी थोडी बाजूला सरकली आणि दुसरंच काहीतरी येऊन बसलं, त्याला काय म्हणायचं ते अजून मला आठवत नाहीये, समद्विभुजसारखं.

रिपोर्ट आला: हायपरप्लेसिया, एटिपिया नाही. म्हणजे अस्तर वाढलेलं, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. मग पिशवीच्या आत हार्मोनवालं साधन बसवलं, ज्यात तांबं औषधाला नसतं तरी सगळ्या जणी कॉपर टीच म्हणतात. त्यातून प्रोजेस्टिन तिथल्या तिथे सुटतं, रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे माझं ओलं घोंगडं गेलं. चार महिने थेंब थेंब अंगावरून जात राहिलं. सहा महिन्यांनी पुन्हा बायोप्सी, पुन्हा डबी, पुन्हा वरचा खिसा. स्वच्छ आली. डॉक्टरांना विचारून जेल परत सुरू केलं.

आता तुम्ही म्हणाल, बघ, आम्ही म्हणत नव्हतो? म्हणूनच तर सांगत नव्हते मी कुणाला! चूक औषधाची नव्हती, माझी होती, हे मी छातीठोकपणे सांगते, आणि मग रात्री वाटतं की नसतंच घेतलं तर ही चूक करायची संधी तरी मिळाली असती का. मग आठवतात ते तीनला उघडणारे डोळे. गुडघे अजून दुखतात, त्यावर जेलचा काडीचा उपयोग झालेला नाही. वजन चार किलो वाढलं, त्यातलं जेलचं किती आणि स्टाफरूममधल्या वाढदिवसांच्या केकचं किती ते मला सांगता येणार नाही. किती वर्षं लावणार? दरवर्षी मॅमोग्राफी झाली की डॉक्टर आणि मी बसून ठरवतो, पुढचं एक वर्ष.

गेल्या दिवाळीत आई माझ्याकडे बघत होती, मी दंडाला जेल लावून बाही वर धरून सुकायची वाट बघत उभी होते. म्हणाली, "मला चालंल का गं ते आता?" ती ७१ वर्षांची आहे. डॉक्टरांना विचारलं मी, खरंच विचारलं. पाळी जाऊन दहा वर्षं उलटली किंवा साठी ओलांडली की नव्याने सुरू करायचं शक्यतो टाळतात, हृदयाचा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जास्त, तिची तर ती दहा वर्षंही आणि साठीही कधीच उलटून गेलीय, हाडांसाठी वेगळी औषधं आहेत ती देऊ म्हणाल्या.

घरी येऊन आईला सांगितलं, नाही चालणार. "बरं," म्हणाली, आणि विचारलं, चकलीच्या भाजणीत धणे घातलेस का.