शोषखड्ड्याची जागा शोधताना

"ताई, सेप्टिक टाकीच्या तळाला कोबा करायचाच नाही. टाकी जन्मात भरणार नाही बघा." मिस्त्रींनी हे इतक्या खात्रीनं सांगितलं की बाबांनी लगेच मान डोलावली. पानशेत रस्त्यावर खानापूरला आम्ही घर बांधायला काढलं होतं. आई-बाबा कायमचे तिथे राहणार, आम्ही चौघं शनिवार-रविवार, शिवाय दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं. गावात चौकशी केली तर सगळे हेच सांगायचे, आमची टाकी बारा वर्षांत एकदाही उपसली नाही.

मला ते खटकलं. टाकी भरत नाही, तर आतलं जातं कुठे? आमच्या कुंपणापलीकडे तात्यांची विहीर आहे आणि त्यांच्या घरी पिण्याचं पाणी तिचंच. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांच्या आजाराचे) रुग्ण सापडायला लागले, तेव्हा आम्ही धायरीत होतो. विहिरीचं पाणी, दूषित पाणी हेच शब्द रोज कानावर पडायचे. त्यानंतर तात्यांच्या विहिरीशेजारी बिनतळाची टाकी खणायला माझं मन धजेना. काम थांबवलं.

ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर काका जागा बघायला आले. टाकीबद्दल ते काही बोललेच नाहीत. म्हणाले, "पाणी कुठे मुरवणार ते आधी दाखव." टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी पुढे जातं. ते दिसायला बरं दिसलं तरी रोगजंतू त्यात असतातच. त्यांना अडवते ती माती. आणि आमच्या भागात माती कितीशी? वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. कातळाच्या भेगेत शिरलेलं पाणी गाळलं जात नाही, वाट मिळेल तसं पुढे जातं. सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानक 2470 प्रमाणे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून निघालेलं पाणी मुरवायचा खड्डा, पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर, म्हणजे जवळपास 60 फूट लांब हवा. काकांचं म्हणणं, आपल्या दगडात तेवढ्यावरही विसंबू नये.

मिस्त्रींनी फक्की टाकलेली जागा विहिरीपासून 40 फुटांवर होती. तिथे साडेतीन फुटांवरच पहार खणकन वाजली. ती जागा बाद. दुसरी जागा उताराच्या बाजूला, जुन्या आंब्यापलीकडे, विहिरीपासून 110 फूट. तिथे मुरूम चांगला खोल लागला. पण काकांनी ऑगस्टपर्यंत थांबायला लावलं. उन्हाळ्यात कुठलाही खड्डा पाणी पितो. भूजल वर आलेलं असताना तो पितो का, हे बघायचं. हे दोन महिने बाबांची फार चिडचिड झाली, मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेले. तरी थांबलो ते फार बरं झालं.

चाचणी अगदी साधी. फूटभर रुंद खड्डा, तळाला दोन इंच खडी, रात्रभर पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून पट्टी आणि घड्याळ घेऊन बसायचं. 25 मिलिमीटर पाणी उतरायला आमच्याकडे 22 मिनिटं लागली. अर्ध्या तासाच्या आत असलं तर शोषखड्डा चालतो, तासाच्या वर गेलं तर ती जमीन पाणी मुरवायला निरुपयोगी. भूजलही सहा फुटांच्या बरंच खाली होतं.

टाकीचं माप मग पाच मिनिटांत ठरलं. माणसं दहा, उपसा दोन वर्षांनी: लांबी 2 मीटर, रुंदी 90 सेंटिमीटर, पाण्याची खोली 1.4 मीटर, वर 30 सेंटिमीटर मोकळी. हे अडीच हजार लिटर होतात. दोन हजारांच्या वर गेलं की दोन कप्पे करायचे, म्हणून दोन तृतीयांश लांबीवर आडवी भिंत. पाणी आत येतं तिथे आणि बाहेर पडतं तिथे टी आकाराचा पाईप. वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाईप घराच्या छपरापेक्षा दोन मीटर उंच. आंघोळीचं पाणी वेगळं काढून केळींना सोडलं.

झाकणांसाठी मात्र मी हट्ट धरला. मिस्त्री ती स्वयंपाकघरामागे ठेवत होते, तिथे उपसायची गाडी पोचलीच नसती. गाडी पोचली नाही की लोक माणूस उतरवतात. हातानं मैला उपसण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय तसं उतरवणं बंद आहे, तरी टाकीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या येतच राहतात. माझ्या दारात ते कधीच होता कामा नये. टाकी फाटकाजवळ आणली, पाईप लांबला, उतार राखायला चर जास्त खोल खणावी लागली.

दिवाळीआधी टाकी काठोकाठ भरून भिंतीवर खडूची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली. कोपऱ्यात गिलावा चिरलेला निघाला. मिस्त्रींनी तो भाग फोडून पुन्हा केला, वॉटरप्रूफिंग घातलं. दुसऱ्यांदा भरली तेव्हा रेघ बघायला तात्याही आले होते. पाणी रेघेवरच होतं.

टाकी, पाईप आणि शोषखड्डा यांचा नकाशा, विहिरीपासूनच्या अंतरासह, मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्याखाली पहिल्या उपशाची तारीख आईनं लिहिली आहे.