तुम्ही विचारलंत म्हणून: किट घालूनही लागण कशी झाली?

रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम करते असे सांगितले की, अजूनही पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डोक्यापासून पायापर्यंत पीपीई किट घातलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना कोविड झालाच कसा? मग त्या किटचा उपयोग तरी काय? विचारणाऱ्याच्या मनात कुतूहल असते, क्वचित टोमणाही असतो. माझे उत्तर असे की किटचा उपयोग निश्चितच झाला, पण त्याचे संरक्षण ते नीट बसण्यावर आणि अंगावरून नीट उतरवण्यावर अवलंबून होते आणि या दोन्ही ठिकाणी थकलेल्या माणसाची गाठ पडत होती.

आधी मास्कचे पाहू. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो. चाचणीसाठी हा आकार मुद्दाम निवडलेला आहे, कारण याहून मोठे कण धाग्यांवर आदळतात, याहून बारीक कण सैरभैर फिरता फिरता धाग्यांना चिकटतात आणि मधल्याच कणांना निसटायला सर्वाधिक वाव मिळतो. परंतु मास्क कितीही चांगला असला तरी नाकाच्या कडेला फट राहिली, की हवा गाळणीची वाट सोडून फटीतूनच आत येते. म्हणूनच फिट टेस्ट करतात: डोक्यावर पारदर्शक टोप चढवून आत कडू फवारा मारला जातो, मान वळवायला आणि बोलायला सांगतात आणि जिभेला कडवटपणा जाणवला तर तो मास्क त्या चेहऱ्यासाठी बाद ठरतो. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसतच नाही. साथीच्या ऐन धुमाळीत, हाताला लागेल तो मास्क वापरावा लागत असताना, ही चाचणी अनेक ठिकाणी मागे पडली.

खरा धोका किट उतरवताना असतो. कित्येक तासांची ड्युटी संपलेली, गॉगल धुक्याने भरलेला, अंग घामाने निथळत असलेले आणि केव्हा एकदा हे सगळे काढून टाकतो असे झालेले. नेमक्या त्याच वेळी सर्वाधिक सावकाशीची गरज असते. सहसा आधी हातमोजे उलटे करत काढायचे, मग गॉगल मागच्या पट्ट्याने उचलायचा, गाऊनची बाहेरची बाजू आत गुंडाळत तो उतरवायचा आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क. तोही पुढून न धरता, आधी खालचा आणि मग वरचा पट्टा ओढून. मधल्या टप्प्यांवरही हात स्वच्छ करायचे. नाक खाजले म्हणून हात वर गेला, तर इतका वेळ पाळलेली शिस्त एका क्षणात वाया जाते. इबोलाच्या साथीनंतर किट उतरवताना समोर उभे राहून प्रत्येक पायरी मोठ्याने वाचून दाखवणारा प्रशिक्षित निरीक्षक नेमण्याची पद्धत रूढ झाली ती याचसाठी. माझ्या मते महागड्या गाऊनपेक्षा हा माणूस अधिक मोलाचा आहे. खरेदीच्या यादीत मात्र तो कधीच नसतो.

शिवाय लागण रुग्णाकडूनच होते असे नाही. वॉर्डात जिवाला जपणारी माणसे जेवणाच्या सुट्टीत लहानशा बंद खोलीत मास्क काढून समोरासमोर बसत, आणि सहकाऱ्याला लक्षणे नसली तरी त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत असू शकतो. इतर आजारांसाठी दाखल झालेल्या, निदान न झालेल्या रुग्णांजवळ तर संपूर्ण किट घालण्याचे कारणच कुणाला दिसत नसे.

तुटवड्याचाही मोठा वाटा होता. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाला दरमहा सुमारे ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क लागतील असा अंदाज वर्तवला होता. एकदाच वापरायचे मास्क मग पुन्हा पुन्हा वापरले गेले. काहींनी ते अल्कोहोलने पुसले, ज्यामुळे कण खेचणारा धाग्यांवरील विद्युतभारच नाहीसा होतो.

यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे नव्हते. २००३ च्या सार्सच्या साथीत एकूण बाधितांपैकी सुमारे २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते. कोविडमध्ये जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे आमच्याकडे किटचा पुरेसा साठा आहे असे कुणी सांगितले की मी तीन गोष्टी विचारते: किट उतरवायला वेगळी जागा आहे का, तिथे कोण उभे असते आणि कर्मचारी जेवतात त्या खोलीला खिडकी आहे का.