आधी चित्रं, मग सीएसएस, शेवटी एचटीएमएल: गल्पचं बिल्ड पुन्हा लावताना

एका जुन्या वेबसाइटचं बिल्ड, म्हणजे मूळ फाइल्सपासून सर्व्हरवर ठेवायच्या फाइल्स तयार करण्याचं काम, गल्प ३ या साधनावर होतं. गल्प ज्यावर चालतं त्या नोडची १२ वी आवृत्ती टाकली की ते ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’ म्हणत उभंच राहायचं नाही, कारण गल्प ३ च्या आतली, फाइल्स हाताळणारी ग्रेसफुल-एफएस लायब्ररी फार जुनी. त्यामुळे गल्प ४ वर येणं भागच होतं.

गल्प ४ मधली ‘सिरीज’ (कामं एकामागोमाग एक) आणि ‘पॅरलल’ (कामं एकाच वेळी) ही फंक्शनं एकात एक बसवता येतात. ती लगेच जमली. खरा वेळ गेला तो कोणत्या टास्क, म्हणजे बिल्डमधली एकेक कामं, एका गटात घ्यायच्या हे ठरवण्यात.

जुने गट फाइलच्या प्रकारावर पाडलेले होते. सीएसएसचा (पानाची मांडणी-रंग ठरवणाऱ्या फाइल्सचा) गट सॅसपासून सीएसएस बनवणं, ऑटोप्रिफिक्सरने ब्राउझरनिहाय उपसर्ग जोडणं, मिनिफाय म्हणजे फाइल आटवणं आणि नावात हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा कोड, घालणं एवढं सगळं एका दमात उरकायचा. चित्रांचा गट वेगळा. मग शेवटची एक टास्क सगळीकडे नवी नावं घालायची. दिसायला नीटनेटकं, पण घोळ इथेच होता. एखादं चित्र बदललं की त्याचं नाव बदलतं, ते सीएसएसमध्ये घातलं की सीएसएसचा मजकूरही बदलतो. पण सीएसएसचा हॅश आधीच काढलेला, म्हणून तिचं नाव तेच राहतं. ब्राउझरने ती फाइल किती सेकंद जपून ठेवावी यासाठी सर्व्हर ‘मॅक्स-एज ३१५३६०००’ सांगतो, म्हणजे वर्षभर. ज्याच्या ब्राउझरमध्ये जुनी सीएसएस आहे त्याला जुनंच चित्र दिसणार, आणि सर्व्हरवरून ते काढलं असेल तर काहीच दिसणार नाही.

म्हणून कोण कोणाचं नाव घेतं यावर गट पाडले. चित्रं आणि फॉन्ट कोणाचंच नाव घेत नाहीत; ते पहिले, एकमेकांना समांतर. मग सीएसएस आणि जेएस (जावास्क्रिप्ट): आधी आतली नावं बदलायची, त्यानंतरच हॅश. त्यानंतर एचटीएमएल, आणि जीझिप, म्हणजे फाइल्स दाबून लहान करणं, अगदी शेवटी. हे सगळे टप्पे ‘सिरीज’मध्ये.

एक गोष्ट मात्र सांभाळा. समांतर टास्कनी एकाच मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या नावांच्या यादीत, लिहिलं तर एकीची नोंद दुसरी पुसू शकते. मी प्रत्येक टास्कला स्वतंत्र मॅनिफेस्ट दिली आणि नावं बदलताना हव्या तेवढ्या वाचल्या.

पडताळणीसाठी एका आयकॉनचा रंग बदलून बिल्ड चालवलं. आयकॉनचं नाव बदललं, तो वापरणाऱ्या सीएसएसचं बदललं, एचटीएमएलमधली लिंक बदलली. जेएसचं नाव होतं तेच राहिलं.