तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हवाई दल, मग एअरलाइन?

अंबाजोगाईला गेलो की लग्नाच्या मांडवात कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतोच, "साहेब, पोराला आधी हवाई दलात घातलं तर विमान फुकटात शिकेल आणि पुढं तुमच्यासारखा कंपनीत जाईल, जमेल ना?" विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. फ्लाइंग स्कूलची फी ऐकली की आपल्याकडच्या माणसाला आधी सातबारा आठवतो. तरीही माझे उत्तर 'नाही' असेच असते, आणि ते जेवणाच्या पंगतीत नीट देता येत नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

दहावीनंतर मी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एसपीआयमध्ये, म्हणजे मुलांना एनडीएसाठी तयार करणाऱ्या सरकारी संस्थेत, दोन वर्षे काढली, पुढे खडकवासल्याला एनडीएत तीन, आणि मग हैदराबादजवळच्या दुंडीगलला वैमानिकाचे प्रशिक्षण घेतले. या वाटेवरची एक गोष्ट पालकांना सहसा ठाऊक नसते. निवडीच्या वेळी वैमानिक होण्याच्या क्षमतेची जी चाचणी घेतात, ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत जो अपात्र ठरला त्याला हवाई दलाच्या दुसऱ्या शाखेत जाता येते, पण हवाई दलाचे विमान उडवता येत नाही. दुंडीगलला पोहोचलेल्यांतूनही काही गळतात. कायम कमिशन घेऊन टिकलेल्या अधिकाऱ्याला पेन्शनसह बाहेर पडायचे तर २० वर्षांची सेवा लागते. मी बाहेर पडलो तेव्हा ४२ वर्षांचा होतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन, २०० तासांचे उड्डाण करून थेट कमर्शियल लायसन्स काढणारा मुलगा बाविशीतच सहवैमानिकाच्या खुर्चीत बसू शकतो. फुकट म्हणतात त्या शिक्षणाचे मोल हे असे वर्षांत चुकवावे लागते.

मग मी का सोडले? पैसा हे कारण होतेच, ते कशाला लपवू? पण त्याहून मोठे कारण असे की मला उडायचे होते, आणि माझ्या विंग कमांडरच्या हुद्द्यापुढे टेबलावरच्या नेमणुका वाढत जातात. ज्याने आसामातल्या जोरहाटहून एएन-३२ हे मालवाहू विमान घेऊन अरुणाचलच्या मेचुका, विजयनगरसारख्या धावपट्ट्या गाठल्या आहेत, पाठीमागे कधी तांदळाची पोती तर कधी सुट्टीवर निघालेले जवान घेऊन ढगांच्या फटीतून दरीत शिरला आहे, त्याला फायलींत रमवणे अवघड असते.

हवाई दलातल्या उड्डाणाचे तास नागरी लायसन्ससाठी धरले जातात. परीक्षा मात्र चुकत नाहीत. ज्या वर्षी मुलगी दहावीला होती त्या वर्षी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती बीजगणित सोडवत असे आणि दुसऱ्या टोकाला मी हवाई नियम पाठ करत असे. तिचे गुण जास्त आले, हे ती अजून ऐकवते.

खरी अडचण हाताची झाली. एएन-३२ मध्ये इंजिनाची ताकद सतत हाताने कमीजास्त करावी लागे, आणि सोबत नेव्हिगेटर, फ्लाइट इंजिनीअर अशी बोलती माणसे असत. एअरलाइनच्या ए-३२० या प्रवासी विमानात आम्ही दोघेच वैमानिक. तेथे ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो, पण ताकदीचे लिव्हर जागच्या जागी स्थिर असतात. सिम्युलेटरच्या पहिल्या दिवशी माझा हात पुन्हा पुन्हा त्या लिव्हरकडे जाई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेला प्रशिक्षक शेवटी म्हणाला, "सर, ते काम विमान करतंय. तुम्ही फक्त लक्ष ठेवा." वीस वर्षे विमान चालवलेल्या माणसाला हे ऐकणे किती जड जाते, ते सांगून कळायचे नाही.

पुढे एका पावसाळ्यात मुंबईला उतरताना विमान १००० फुटांवरही ठरलेल्या वेगात बसले नव्हते. एवढे तर सहज सावरता येईल, असे मला मनातून वाटत होते, कारण डोंगरात वाट पाहणाऱ्यांपर्यंत माल पोहोचवायचाच, ही सवय अंगात मुरलेली होती. शेजारच्या एकतीस वर्षांच्या कॅप्टनने मात्र शांतपणे "गो अराउंड" म्हटले आणि आम्ही पुन्हा वर गेलो. दुसऱ्या खेपेला व्यवस्थित उतरलो. एक अहवाल भरला; का वर गेलात म्हणून कोणी बोल लावला नाही. जुना विंग कमांडर शेजारी बसला आहे म्हणून तो क्षणभरही कचरला असता, तर दोष माझ्या रुबाबाचा ठरला असता. त्यानंतर मला 'सर' म्हणू नका, असे मी प्रत्येक कॅप्टनला उड्डाणाआधीच सांगू लागलो.

तेव्हा मुलाला एवढेच विचारा: त्या एका चाचणीत अपात्र ठरलास, जमिनीवरची शाखा मिळाली, तरी गणवेश घालशील का? 'हो' म्हणाला तर एसपीआयचा फॉर्म आणा. गडबडला तर फ्लाइंग स्कूल आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. फ्लाइंग स्कूलचा फॉर्म भरण्याआधी मात्र डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, वैमानिकांसाठीची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या, म्हणजे सातबाऱ्याला हात लावण्याआधीच काय ते कळेल.