तुम्ही विचारलंत म्हणून: मी मूळ नाव परत का घेत नाही

लेकीच्या मैत्रिणी घरी जमल्या की कधी ना कधी विषय माझ्यावर येतोच. "काकू, लग्नात तुमचं नाव बदललं, ते तुम्ही चालवून कसं घेतलंत? आता तरी मूळ नाव परत घ्या की!" मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. लेक मोबाइलमध्ये डोकं घालते, कारण तिला ठाऊक आहे.

तर एकदाचं सांगून टाकते. माझं मूळ नाव नकुसा.

माण तालुक्यातलं माझं माहेर, आणि मी चौथी मुलगी. नाव आजीने ठेवलं. आमच्या भागात तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. वर्गात आणखी एक नकुसा होती; मास्तर हजेरी घेताना आडनाव जोडायचे, एवढंच. माझ्या पाठीवर भाऊ झाला तेव्हा 'नाव लागू पडलं' म्हणून गावभर साखर वाटली म्हणे.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात 'माधवी' लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण आधीचं नाव ठेवताना तरी कुठे विचारलं होतं? तुमचा संताप मला कळतो. धड नाव असलेल्या पोरीचं नाव पुसायचा हक्क कुणाला नाही. माझ्या लेकीच्या लग्नात विहीणबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलं, तेव्हा "ते राहू द्या" म्हणणारी मीच होते. लेकीसाठी एक न्याय आणि स्वतःसाठी दुसरा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

मला ते नाव नकोच होतं. नव्या नवरीच्या तोऱ्यात मी आईला बजावलं होतं, सासरच्या माणसांपुढे मला त्या नावाने हाक मारायची नाही. तिने मारली नाही. पण 'माधवी'ही तिच्या तोंडी कधी बसलं नाही, त्यामुळे चारचौघांत ती मला नुसतं "अगं" म्हणायची. एकटीच असले की "नकू". त्या हाकेत नकोसं काही नसायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या नव्या नवरीशी मी अजून भांडते. ती ऐकत नाही, आणि ती चुकली असंही मला म्हणवत नाही.

वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर भावासोबत आम्हा बहिणींची नावं लागली. मग भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करतात, तशी मीही तयार झाले. जमिनीचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण मनात राहिलंय ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातलं.

शाळेच्या दाखल्यावर नकुसा, आधारवर माधवी. लिहिणाऱ्याने मसुदा मोठ्याने वाचला, 'नकुसा ऊर्फ सौ. माधवी'. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. ओळख पटवायला गावाकडचे एक चुलते आले होते. "या बाईंना ओळखता का?" असं विचारल्यावर म्हणाले, "न ओळखायला काय झालं? ही आमची नकुसा. हिच्या नावाच्या गुणानं तर ह्यो झाला," आणि भावाकडे बोट केलं. सगळे हसले. भाऊही हसला. ज्याच्या नावावर मी माझा हिस्सा करत होते, तोच.

माझा अंगठा मशीनवर उमटेना. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला. "मावशी, कॅमेऱ्यात बघा," ऑपरेटर म्हणाला. सही दोन्ही नावांनी करा म्हणाले. माधवी झोकात आलं. नकुसा मात्र शाळा सुटल्यापासून मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे अक्षर सातवीतल्या पोरीचं आलं. त्या कागदावर दोघींच्या सह्या आहेत असं वाटतं, आणि जमीन त्या पोरीने सोडली.

2011 च्या ऑक्टोबरात आमच्या सातारा जिल्हा परिषदेने 285 नकुसांची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. पेपर वाचून मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी आपलं नाव आपणच निवडलं होतं. माझी सुटका त्याच रीतीने केली, जिच्यावर तुम्ही चिडता. त्या रीतीचं कौतुक करू की तिला शिव्या घालू, सांगा.

लेक म्हणते, राजपत्रात रीतसर बदलून घे, अर्ज ऑनलाइन होतो. पण तिथे नवं नाव जुन्याला सोबत घेऊनच छापून येतं. ज्या नावासाठी आईचा आवाज पुरे होता, ते आणखी एकदा छापायला मी पैसे भरणार नाही.

परवा भाच्याचा फोन आला. एक गट नंबर त्या वेळी कागदात घ्यायचा राहून गेलाय, आत्याची सही लागेल म्हणाला. कोणत्या नावाने, ते त्याने विचारलं नाही. या वेळी सही करायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.