काहून शिकून राहिले जी, एस्पेरांतो?

एस्पेरांतो ही एका माणसानं मुद्दाम घडवलेली भाषा. ती मी का शिकतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपुरात बर्डीवर कोणीही ओळखीचं भेटलं की हाच प्रश्न: "काहून शिकून राहिले जी ते? इथं मराठी टिकून नाही राहिली!" असं म्हणणारा लगेच वळून चहावाल्याशी हिंदीत बोलतो. चहावालाही मराठीच. असो, मीही तेच करतो.

शाळेत मी 'जेवून राहिलो' म्हटलं की बाई वर्गासमोर 'जेवतो आहे' असं दहादा म्हणायला लावायच्या. पुण्याकडची मराठी माझ्याशी जशी वागली, तशीच माझी मराठी गोंडीशी वागते, हे कळायला मात्र चाळिशी उजाडली. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदशहानं. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. आमच्या ऑफिसात गडचिरोलीकडचा एक जण आहे. आईचा फोन आला की तो जिन्यात जातो आणि आवाज बारीक करून गोंडीत बोलतो.

एस्पेरांतो घडवणारा झामेनहॉफ हा डोळ्यांचा डॉक्टर. आजच्या पोलंडमधल्या ज्या बियाविस्तोकमध्ये तो वाढला, तिथे रशियन, पोलिश, जर्मन, यिद्दिश बोलणारे एकमेकांकडे संशयानं बघत. १८८७ मध्ये वॉर्सात त्यानं आपली भाषा छापली. व्याकरणाचे नियम १६, अपवाद जवळपास नाहीतच. 'बोना' म्हणजे चांगला, तर 'मालबोना' वाईट. अर्धे शब्द असेच फुकटात मिळतात. पण मला ओढ लागली ती वेगळ्या कारणानं. इंग्रजीत बोलताना समोरचा घरमालक असतो, मी भाडेकरू. एस्पेरांतोत दोघंही भाडेकरू, आणि घरी गेल्यावर ज्याची त्याची भाषा शाबूत.

आता खरं तेही सांगतो. शब्द बहुतेक युरोपातलेच, त्यामुळे इटलीच्या माणसाला जे आठवड्यात जमेल, त्याला मला महिना लागतो. ही भाषा तटस्थ आहे म्हणताना जीभ जरा अडखळतेच. तरी कोणत्याच देशाची नसलेली भाषा मधे असली, तर गोंडीवाल्याला आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी अशी शिडी चढत आपली भाषा प्रत्येक पायरीवर थोडी थोडी टाकावी लागणार नाही, असं मला वाटतं.

परवा त्या जिन्यातल्या मित्राला म्हटलं, मला गोंडी शिकव. त्याला वाटलं, मी चेष्टा करून राहिलो. आता रोज सकाळी तो 'सेवा जोहार' (गोंडीतला नमस्कार) तेवढं म्हणतो, पुढचं टाळतो.