सोबत की एकांत : दोन बॉल पायथन आणि तीन गार्टर स्नेक यांच्या नोंदी

फेब्रुवारी

या महिन्यात दोन बॉल पायथन (आफ्रिकेतील लहान अजगर) माझ्याकडे आले. इथे इंग्लंडमधील लेस्टरमध्येच राहणाऱ्या एका गृहस्थांना नोकरीनिमित्त देश सोडावा लागला, म्हणून त्यांनी ते दिले. त्यांच्याकडे हे दोन्ही साप पिल्ले असल्यापासून एकाच चार फुटी पेटीत वाढले होते. मादीचे वजन ९०० ग्रॅमच्या वर भरले, तर त्याच वयाचा नर जेमतेम ४०० ग्रॅमचा. या जातीत नर मादीपेक्षा लहान राहतो हे खरे असले, तरी कण्याची रेघ वर आलेली आणि कातडी दोन्ही कडांना सैल पडलेली पाहून हा फरक केवळ लिंगभेदाचा असावा असे वाटेना. "त्यांना एकमेकांचा लळा आहे, शक्यतो ताटातूट करू नका," असे त्यांनी मनापासून सांगितले आणि एकाच लपणात एकमेकांवर वेटोळे घालून पडलेल्या जोडीचा फोटोही पाठवला.

त्या फोटोत मला लळ्यापेक्षा पेटीची मांडणी जास्त बोलकी वाटली. लपण, म्हणजे आत शिरून बसायचा आडोसा, एकच होते आणि तेही हीट मॅटच्या (ऊब देणाऱ्या विजेच्या पट्टीच्या) बाजूला. दुसऱ्या टोकाला पाण्याचे भांडे आणि प्लास्टिकची एक वेल, बाकी सारे उघडे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवसाचा वेळ उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. त्याला पेटीत अंधारी, अंगाला चारही बाजूंनी टेकणारी आणि उबदार अशी एकच जागा दिली, तर तो तिथेच जाणार, मग आत आधी कोणी असो वा नसो. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला माणूस शेजाऱ्याच्या प्रेमापोटी तिथे बसलेला नसतो. फोटोत मादी खाली, उबेला चिकटून होती. नर तिच्यावर होता आणि त्याचा अर्धा भाग लपणाच्या बाहेर आलेला होता.

दोघांना वेगळ्या पेट्यांत, आणि माझ्या जुन्या सापांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवले आहे. त्यांच्या सोबतीविषयी निर्णय घेण्याआधीच हे करावे लागते, कारण नवा साप आला की किमान तीन महिने विलगीकरण हा नियम मी मोडत नाही. गोचिडीच्या जातीचे ते काळे सूक्ष्म माइट डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीच्या घडीत सापडतात आणि पाण्याच्या भांड्यात बुडून तळाशी मिरीपुडीसारखे दिसतात. ते निदान दिसतात तरी. पायथनच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा निडोव्हायरस आणि जठराची भिंत जाड करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी हे दोन्ही महिनोन् महिने काहीच लक्षण न दाखवता राहू शकतात. क्रिप्टोस्पोरिडियमवर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीची जंतुनाशकेही त्याला मारत नाहीत. तोंडातील स्वॅब तपासणीला पाठवले आहेत.

मार्च

पहिल्या स्वॅबमध्ये निडोव्हायरस आढळला नाही. दोघांच्याही पेटीत आता दोन-दोन सारखी लपणे आहेत, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. गरम टोकाला ३२ अंश, थंड टोकाला २५ अंश, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही.

मादीच्या वागण्यात काडीचाही फरक पडलेला नाही. ती पहिल्या आठवड्यातच जेवली आणि "ताटातुटीचे दुःख" म्हणावे असे काही तिने दाखवले नाही. नर मात्र सुरुवातीला लपणाच्या तोंडाशी डोके टेकवून नुसता पडून राहिला. गरम केलेला उंदीर चिमट्याने पुढे धरला की मान आखडून आत ओढून घ्यायचा. महिन्याच्या अखेरीस एका रात्री दिवे मालवल्यावर त्याने झेप घेतली, तीन वेटोळी घट्ट आवळली आणि उंदीर मेलेलाच असूनही बराच वेळ सोडला नाही. त्यानंतर तो नेमाने जेवतो आहे.

याचा अर्थ एकांतामुळेच तो सुधारला असा मी लावणार नाही. त्याला जागा नवी मिळाली, दुसरे लपण मिळाले, तापमान नेमके मिळाले आणि मोठ्या जोडीदारणीचा भार अंगावरून उतरला. यांपैकी कशाचा किती वाटा, हे एका सापावरून कळत नाही. शिवाय बॉल पायथन धडधाकट असूनही महिनोन् महिने उपाशी राहतो, हे साप पाळणाऱ्यांना ठाऊकच आहे. एवढे मात्र नक्की म्हणता येते की आता त्याच्याविषयी मला काहीतरी कळते. एका पेटीत दोन साप असले की विष्ठा कोणाची, ओकलेला उंदीर कोणाचा, कातीचे तुकडे कोणाच्या अंगावरचे, पाणी कोण पीत नाही, यांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसते. माझ्या मते एकत्र ठेवण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो सापांच्या मनाविषयी काहीही गृहीत न धरता मांडता येतो.

एप्रिल

या महिन्यात वजनाखेरीज नोंदण्यासारखे थोडे आहे, म्हणून ज्या संशोधनाचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो त्याविषयी लिहितो. कॅनडातील वॉटर्लू येथील विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान वयाच्या बॉल पायथनचे नर-मादी मिश्र गट दहा दिवस मोठ्या पेट्यांत ठेवून कॅमेऱ्याने सतत टिपले. प्रत्येकाला पुरतील एवढी लपणे असूनही साप बहुतेक वेळ एकाच लपणात गोळा झाले, आणि ते लपण काढून घेतल्यावर दुसऱ्या एका लपणात पुन्हा एकत्र आले. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हापासून "बघा, पायथनही सामाजिक असतात, मग एकत्र का ठेवू नयेत?" असा सूर ऐकू येतो.

हे संशोधन मला पटते, कारण त्यात नेमकी तीच गोष्ट केली आहे जी त्या फोटोत नव्हती : जागेची टंचाई काढून टाकली आणि मग साप काय करतात ते पाहिले. दोन साप एकत्र पडलेले दिसले, तर त्यावरून निष्कर्ष काढण्याआधी तितकीच उबदार, तितकीच अंधारी दुसरी जागा त्यांना देऊन पाहावी, हीच माझी कसोटी आहे. परंतु दहा दिवस एकत्र बसणे पसंत करणे आणि वीस-तीस वर्षांचे आयुष्य एका पेटीत काढणे यांत अंतर आहे. ते साप वयात आलेले नव्हते. वयात आलेले नर मात्र मादीसाठी एकमेकांशी झुंजतात. नर-मादी एकत्र राहिले तर पुरेशी न वाढलेली मादी गाभण राहून अंडी अडकण्याचा धोका असतो. म्हणजे बॉल पायथनला सोबत आवडत असेलही, पण माझ्या घरातल्या पेटीत ती सोबत निर्धोकपणे देता येईल, हे त्यातून निघत नाही.

इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यातील नवव्या कलमात प्राण्याच्या गरजांची यादी आहे, आणि इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे ठेवले जाण्याची गरज तिच्यात मोडते. कायदा कोणत्या जातीला काय हवे हे सांगत नाही. ते ओळखण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर सोडतो. (महाराष्ट्रातील वाचकांसाठी हा प्रश्न बहुतांशी उद्भवतच नाही. नाग, धामण, अजगर असे देशी साप घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या, साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या परिशिष्टांतील परदेशी जातींची नोंदणी करावी लागते.)

मे

आता 'एका पेटीत एकच साप' या माझ्याच नियमाला असलेला अपवाद. माझ्या तीन गार्टर स्नेक (उत्तर अमेरिकेतील सडपातळ साप) एकाच पेटीत राहतात आणि राहतील. तिन्ही माद्या आहेत, कारण नर मादीचा पिच्छा सोडत नाहीत, आणि आकाराने तिन्ही जवळपास सारख्या आहेत. गार्टरच्या बाबतीत कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील नार्सिस येथील विवरांचा दाखला हटकून दिला जातो. तिथे वसंत ऋतूत चुनखडीच्या भेगांतून हजारोंच्या संख्येने साप बाहेर पडतात. पण तो दाखला मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. हिवाळ्यात गोठणरेषेच्या खाली पोहोचणाऱ्या भेगा मोजक्याच असतात, म्हणून सगळे तिथे येतात आणि मीलन आटोपले की कित्येक किलोमीटरवरच्या पाणथळ जागांकडे पांगतात. म्हणजे पुन्हा तीच चौथी सीट. त्यापेक्षा २०२० मध्ये वॉटर्लूच्याच संशोधकांनी गार्टरच्या ४० पिल्लांवर केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. दहा-दहाच्या गटांतील पिल्लांना दिवसातून दोनदा उचलून त्यांच्या जागा बदलल्या, तरी ती ठरावीक सोबत्यांकडे परतत राहिली.

माझ्या पेटीत एकसारखी चार लपणे आहेत, दोन गरम बाजूला आणि दोन थंड बाजूला, त्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र जागा मिळून एक उरते. तरीही सकाळी झाकण उचलले की बहुधा दोघी एकत्र असतात, तर सर्वांत मोठी कधी त्यांच्यात तर कधी एकटी. कात टाकण्याच्या सुमारास डोळे दुधाळ झाले की प्रत्येकजण वेगळी होते. इथे टंचाई नाही, म्हणून ही जवळीक मी जमेस धरतो.

जेवण मात्र कटाक्षाने वेगवेगळ्या डब्यांत. ट्राउटच्या एकाच तुकड्याची दोन टोके दोघींनी धरल्याचे मी पाहिले आहे. सापाचे दात मागे वळलेले असतात, त्यामुळे घास सुटणे अवघड. दोन्ही जबडे डावा-उजवा असे सरकत मधोमध भेटतात आणि जिचे तोंड मोठे ती दुसरीच्या डोक्यावरूनच पुढे जाऊ लागते. त्या वेळी शेपटीकडून आधार देत, थंड पाण्याची धार सोडून त्यांना सोडवावे लागले. डब्यांतून परत आणल्यावरही तोंडाला माशाचा वास असतो, म्हणून ओल्या कापडाने तोंड पुसून अर्ध्या तासाने त्यांना पेटीत सोडतो. एवढा खटाटोप दर जेवणाला करायचा नसेल, तर गार्टरसुद्धा एकेकटीच ठेवावी. किंगस्नेकच्या बाबतीत तर चर्चाही नको, कारण इतर साप हे त्याचे नैसर्गिक अन्नच आहे.

सांगलीची आत्या फोनवर दर खेपेला विचारते, "एकटा तो बिचारा कंटाळत नाही का रे?" तिला मी वजनाचा आकडा सांगतो. नर ४९० ग्रॅमवर आला आहे आणि कण्याची रेघ बुजू लागली आहे.

जून

दुसऱ्यांदा घेतलेल्या स्वॅबमध्येही काही आढळले नाही, त्यामुळे विलगीकरण संपवून दोन्ही पायथन मुख्य खोलीत आणले. मादी चार फुटी पेटीत गेली, नराला सध्या तीन फुटी पेटी आहे आणि त्याची चार फुटी पेटी बांधायला घेतली आहे. पुढच्या नोंदीत तिच्या हवेच्या झरोक्यांची मापे आणि थर्मोस्टॅटचे वाचन देईन, कारण आर्द्रता टिकवून बुरशी टाळणे मला अजून समाधानकारक जमलेले नाही.